तीन शिट्ट्यांचं वळण

एक शिट्टी म्हणजे थांब, दोन शिट्ट्या म्हणजे चल. सगळ्या खात्याचं एवढ्यावर भागतं. पण ज्या कंडक्टरबरोबर मी अकरा वर्षं जांबोटीच्या पलीकडची वस्तीची गाडी चालवली, त्यांची एक तिसरी खूण होती. तीन शिट्ट्या. तिचा अर्थ, डावीकडं बघ.

आता तुम्हीच सांगा. घाटाचा उतार, पुढं आंधळं वळण, उजवीकडं डोंगर, डावीकडं दरी, आणि मागून हा माणूस सांगतोय की डावीकडं बघ. पहिल्याच आठवड्यात मी गाडी कडेला घेतली आणि म्हणालो, "मास्तर, डावीकडं बगितलं तर समदी डावीकडंच जाऊ आपण."

"मग बगू नको," ते म्हणाले. "मी आपलं तुला सांगितलं. चांगली गोष्ट एकट्यानं बगू न्हाई माणसानं."

मी बघितलं नाही. मी खानापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याचा पोरगा. औत असो की गाडी, नजर समोर ठेवायची, हे बापानं शिकवलेलं. अकरा वर्षांत माझ्या गाडीला साधा ओरखडा नाही, त्याचं कारण हेच. मास्तरांना मी पाहिलं ते बहुतेक वेळा आरशातून. त्यामुळं त्यांचा चेहरा आठवला की अजूनही भांग उलट्या बाजूला दिसतो.

वस्तीची गाडी म्हणजे काय, ते शहरातल्या लोकांना सांगावं लागतं. संध्याकाळी बेळगावहून सुटायची, जांबोटी मागं टाकायची, जंगलातल्या शेवटच्या वाडीला दिवेलागणीला पोचायची आणि तिथंच मुक्काम करायची. पहाटे तीच गाडी परत. ड्रायव्हर-कंडक्टरनं निजायचं वाडीतच. जेवायचं कुठं, हे खात्याच्या कुठल्या कागदावर नव्हतं. ते वाडीनंच कधीकाळी ठरवून टाकलं होतं. रोज एका घराची पाळी. ज्याची पाळी, त्याच्या घरी आमची दोन ताटं. निजायला मात्र आक्कांचा सोपा. आक्का म्हणजे वाडीच्या तोंडावरच्या पहिल्या घरातली पन्नाशीची बाई. अंगानं काडी, आवाजानं घाट. पहाटे पाचला पितळीवर पळी आपटायची आणि ओरडायची, "पाव्हणं, पाच वाजलं!" तोवर परड्यात चुलीवर दोन हंडे पाणी कढत झालेलं असायचं. आंघोळ, चहा, आणि पावणेसहाला गाडी चालू. तीस वर्षं हा रिवाज. ड्रायव्हर बदलले, कंडक्टर बदलले, आक्कांच्या आधी त्यांच्या सासूनं पळी आपटली, पण पाच म्हणजे पाच.

वाडीचं नाव मी सांगणार नाही. का, ते पुढं येईल.

मास्तर मूळचे निपाणीचे, आणि हे ते कुणाला विसरू देत नसत. खाकी शर्टच्या वरच्या खिशात तपकिरीची डबी. चिमूट नाकाला लावून म्हणायचे, "पायलट, निपाणीनं जगाला शिंकायला शिकवलं. न्हाईतर लोक नुसती नाक धरून बसली असती." मला ते पायलट म्हणायचे. पहिल्यांदा मला वाटलं थट्टा करतात. मग लक्षात आलं की त्यांना आपल्या मुलखातली कुठलीच गोष्ट लहान वाटत नाही. त्यात मीही आलो.

थांब्याची नावं सगळेच कंडक्टर पुकारतात. हे नावाबरोबर त्या गावाची शिफारसही पुकारायचे. "जांबोटीऽ! उतरणाऱ्यांनी पुढं या. न उतरणाऱ्यांनी मनाशी इचार करा!" एका थांब्यावर फक्त एक वडाचं झाड आणि मोडका पार. तिथंही ते सोडायचे नाहीत. "वडाचा पाऽर! हितली सावली दुसरीकडं गावणार न्हाई!" एकदा खरंच एक गोव्याचा माणूस उतरला. परतीच्या फेरीला आम्ही त्याला उचललं तेव्हा तो तिथंच पथारी पसरून निजला होता. "कसं वाटलं?" मास्तरांनी विचारलं. "खरंच सावली चांगली आहे," तो म्हणाला. त्यानंतर आठवडाभर मास्तरांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

मराठी आणि कन्नड, दोन्ही त्यांच्या तोंडात सारखीच गोड. आमच्या भागात पाटी कुठल्या भाषेत, यावरून माणसं एकमेकांची गचांडी धरायची. मास्तर म्हणायचे, "पाटी कंच्याबी अक्षरात लिवा. गाडी पोचली म्हंजे झालं."

एका शब्दाची मात्र त्यांना चीड होती. मागास. एकदा बेळगावहून पाहणीला निघालेले कुणी दोघे फायली मांडीवर घेऊन बसले होते. बोलता बोलता एक म्हणाला, "हा सगळा मागास पट्टा." मास्तर तिकिटं काढायचे थांबले. शिट्टी तोंडातून काढून खिशात घातली. थांब्यावर गाडी उभी, उतरणारे उतरले, चढणारे चढले, पण दोन शिट्ट्या काही वाजेनात. मी आरशात बघतोय. मास्तर त्या गृहस्थाला म्हणाले, "शब्द माघारी घेतलासा तर गाडी जाईल."

"कुठला शब्द?"

"तुमास्नी ठावं हाय."

माणूस संतापला, तक्रार करीन म्हणाला. मास्तरांनी तक्रारीची वही स्वतः आणून दिली, वर पेन दिलं. सगळी गाडी बघत होती. शेवटी मागच्या बाकावरची एक म्हातारी ओरडली, "आरं घे की बाबा माघारी, माजी म्हस बांदलीया घरात!" तेव्हा कुठं त्यानं शब्द माघारी घेतला आणि आम्ही निघालो. पंचवीस मिनिटं उशीर. लॉगशीटवर मी कारण लिहिलं, 'रस्त्यात जनावर.'

आणखी एक खोड. रोज सकाळी जांबोटीला चहाला गाडी थांबली की मास्तर कप हातात घेऊन एक आकडा सांगायचे. "आज सोळा." मी 'व्हय काय' म्हणायचो आणि बशीत चहा ओतायचो. त्या तीन शिट्ट्यांच्या वळणावर उंबराचं एक जुनं झाड आहे. त्यावर धनेश बसतात, मोठाल्या चोचीचे, हे मला ऐकून माहीत होतं. मास्तर पक्षी मोजतात, असं मी धरून चाललो. आकडा वर्षभर तोच राहिला की ते खुशीत असायचे. एका वर्षी सोळाचे चौदा झाले. मग तेरा. मग एका सकाळी म्हणाले, "आज बारा," आणि चहा तसाच ठेवून गाडीत जाऊन बसले. त्या दिवशी बेळगावपर्यंत त्यांनी एकाही थांब्याची शिफारस केली नाही. मला तेव्हा वाटलं, पाखरांचा एवढा घोर कुणी जिवाला लावून घेतं का.

त्याच सुमाराला गाडीवर संक्रांत आली. वाडीतली तरणी पोरं गोव्याला, बेळगावच्या कारखान्यांत गेलेली. घरांना कुलपं लागत होती. आमची जेवणाची पाळी पूर्वी तीन आठवड्यांनी फिरून यायची, ती दोन आठवड्यांच्या आतच यायला लागली होती. डेपोत कुजबूज सुरू झाली, मग कागद आला. लोड नाही, म्हणजे पुरेसे प्रवासी नाहीत. वस्तीची गाडी बंद करून जांबोटीपर्यंतच ठेवावी, असा विचार आहे. विभागातले साहेब एका शनिवारी स्वतः येऊन बघतील आणि ठरवतील.

गाडी बंद म्हणजे काय, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. जांबोटीच्या हायस्कुलात जाणाऱ्या पोरी घरी बसणार. दुखणाईत माणूस डोलीतून न्यावा लागणार. मग उरलेली घरंही एकेक करून कुलूप लावणार. मास्तर मला म्हणाले, "पायलट, गाडी गेली की वाडी उठली. मग मी जेवू कुटं?" चेष्टेनं म्हणाले, पण तपकीर निम्मी खाली सांडली.

पुढच्या मुक्कामाला दिवे लागताच त्यांनी वाडीला देवळात गोळा केलं. गाडी वाचवायची तर गाडीत माणसं पाहिजेत, आणि माणसं यायची तर ती बेळगाववरनं पाहुणी म्हणून यायला पाहिजेत, असं त्यांनी सांगितलं. वाडीचे कारभारी आप्पा मिशीत हसले.

"मास्तर, हितं बगायला काय हाय? गोव्यात समुद्र हाय. हितं जळवा हायत."

"जळवा फुकट दावायच्या."

"आन् ठिवायचं कुटं? खायाला काय घालायचं? आमास्नी हाटेल चालवता येतंय व्हय?"

मास्तर उठले. "तीस वर्सं झाली, ह्या वाडीत रोज दोन परकी माणसं येत्यात. जेवत्यात, निजत्यात, कढत पाण्यानं आंघूळ करून जात्यात. शेरात ह्येलाच हाटेल म्हंत्यात. तुमचा निस्ता बोर्ड लावायचा ऱ्हायलाय."

मग त्यांनी पिशवीतून एक वही काढली. मला वाटलं होतं, त्यांच्याबद्दल मला सगळं ठाऊक आहे. ही वही मी कधी पाहिली नव्हती. ते वाचायला लागले.

"खालची आळी, पहिलं घर. नाचणीची भाकरी, पापुद्रा सुटलेला. कुळथाचं सार असं की दुसऱ्या वाटीला नको म्हणणं हा खोटेपणा."

"विहिरीजवळचं घर. तांबडा भात, अळंबीचा रस्सा. पायलटनं तीनदा घेतलं आणि पोट दुखतंय असं सांगून गाडी दहा मिनिटं उशिरा काढली." हे खरं होतं. देऊळ हसलं.

"आप्पांचं घर. आमसुलाची कढी. धनी बोलण्यात कडू, पण कढीत दोष नाही."

घरामागून घर. प्रत्येक घर आपलं नाव येईतोवर श्वास धरून बसायचं. आणि शेवटी, "आक्का. कळकाच्या कोंबाची भाजी. या भाजीपायी निपाणीची बदली नाकारली. घरच्यांची बोलणी खाल्ली. तरी नुकसान नाही."

आक्का दाराशी उभ्या होत्या. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "माज्या हातचं लिवून ठिवलंय तुमी?"

"तारखेसकट," मास्तर म्हणाले.

त्यानंतर हाटेल चालवता येतं का, असं कुणी विचारलं नाही. कुणी तरी शेवया-नूडल आणूया म्हणालं, एकानं पनीरचा विषय काढला. मास्तरांनी हात वर केला. "जे मला घातलं, त्येच घालायचं. आन् पाव्हणा यायचा त्यो आपल्याच गाडीनं. सोताची मोटार घिऊन आला तर त्येला पानी द्या, रस्ता दावा, जेवान न्हाई." आप्पांनी कपाळाला हात लावला. पण ठरलं ते ठरलं. सोय बघायची झाली तर हा मूर्खपणा होता. गाडी वाचवायची झाली तर दुसरा रस्ता नव्हता.

पहिले पाहुणे मास्तरांनी गाडीतूनच मिळवले. कुणाला सावलीवरून, कुणाला कढीवरून. बेळगावच्या लष्करी कॅम्पातले एक निवृत्त फौजी अधिकारी आणि त्यांची बायको, आणि मशीनचे सुटे भाग करणाऱ्या बेळगावच्या एका कारखान्यातले चार तरुण इंजिनिअर. शनिवारी यायचं, रविवार राहायचं, सोमवारी जायचं. आणि नेमके त्याच शनिवारी साहेब गाडीत बसले. गदगकडचे, कमी बोलणारे, मांडीवर काळी बॅग.

संध्याकाळ झकास गेली. सात माणसं वेगवेगळ्या घरांत वाटली गेली. ताटात वहीतलंच सगळं. साहेबांनी आक्कांकडं भाजी दुसऱ्यांदा मागितली हे मी पाहिलं. मास्तर तर लग्नघरातल्या मामासारखे या घरातून त्या घरात फिरत होते. सोपा पाहुण्यांना दिलेला, म्हणून मी गाडीत सीटवर आडवा झालो तेव्हा मला वाटलं, जमलं बुवा.

पहाटे पाच. पितळीवर पळी. "पाव्हणं, पाच वाजलं!"

आणि आज एकट्या आक्का नव्हत्या. ज्या ज्या घरात पाहुणा होता, त्या त्या घरातून तीच हाक. कढत पाणी, चहा, हातात भाकरीची पुरचुंडी, आणि "चला चला, गाडी लागली!" त्या वाडीच्या इतिहासात सकाळच्या गाडीनं न जाणारा पाहुणा कुणी पाहिलाच नव्हता. पाहुणा म्हणजे पाचला उठणारा आणि पावणेसहाला जाणारा. दुसरं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. फौजी तर हाकेआधीच बूट घालून तयार. इंजिनिअर डोळे मिटूनच चालत आले. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. आणि मास्तर? रविवारची गाडी भरलेली बघून त्यांचं भानच हरपलं. तिकिटाचं मशीन काढलं आणि फटाफट तिकिटं दिली.

आम्ही निम्मा घाट उतरलो तेव्हा फौजींच्या बायकोनं हिंदीत विचारलं, "मास्तरजी, हम जा कहाँ रहे हैं?"

"बेळगाव," मास्तर म्हणाले.

"पर हमें तो कल जाना था."

मी आरशात पाहिलं. मास्तरांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. इंजिनिअर एकेक करून जागे झाले. "आमची बॅग तिथंच आहे!" "आम्हाला धबधबा बघायचा होता!" "पाचला उठवून परत पाठवलं?" एकच गलका. आणि मागच्या सीटवर साहेब, मांडीवर काळी बॅग, हे सगळं ऐकतायत. तीस वर्षांची गाडी आज गेली, असं मला वाटलं.

तेवढ्यात वळण आलं. तीन शिट्ट्या. आणि लगेच चौथी, थांब. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. मी थांबलो. उतारावर भरलेली गाडी, त्या हँडब्रेकवर माझा भरवसा नव्हता, म्हणून सगळा जोर पायात आणि नजर समोर.

"समद्यांनी डावीकडं बगा," मास्तर म्हणाले.

गलका थांबला. मग पंखांचा आवाज आला, सुपात भात पाखडावा तसा. बाया-माणसांनी 'आहा' केलं. धनेश उडाले, एवढं मला नुसत्या कानांनी कळलं. आरशात बघितलं तर फौजी खिडकीतून निम्मे बाहेर. पण मास्तर आणि साहेब सगळ्यात मागच्या खिडकीशी होते, आणि मास्तरांचं बोट झाडाकडं नव्हतं, त्याहून लांब कुठंतरी होतं.

"एष्टु?" साहेबांनी हळूच विचारलं. किती?

"हन्नेरडु." बारा.

"मोदलु?" आधी?

"इप्पत्तेरडु." बावीस.

मी मनात म्हटलं, या घडीलासुद्धा पाखरं मोजतायत. आणि वर फुगवून सांगतायत. साहेब बराच वेळ बाहेर बघत राहिले. मग दोन शिट्ट्या वाजल्या.

जांबोटीला चहाला उतरल्यावर मास्तर पाहुण्यांपुढं हात जोडून उभे राहिले. "चूक झाली. वाडीची न्हाई, माजी." फौजी एवढ्या मोठ्यानं हसले की चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला. "चूक कसली? आम्ही चालत परत जाणार!" चौघं इंजिनिअर एकमेकांकडं बघत राहिले, पण फौजींपुढं नाही कोण म्हणणार? भाकरीच्या पुरचुंड्या घेऊन सगळी वरात जंगलातून उलटी चालू लागली. आम्ही साहेबांना घेऊन बेळगावला गेलो. उतरताना साहेब मास्तरांना म्हणाले, "ऊटा भाळ छलो इत्तु." जेवण फार छान होतं. बस, एवढंच. गाडीचं काय, ते बोललेच नाहीत. मास्तर दिवसभर डेपोच्या बाकावर बसून राहिले. डबी उघडलीच नाही.

संध्याकाळी वाडीला पोचलो तर आक्कांच्या अंगणात सहाही पाहुणे मिठाच्या कढत पाण्यात पाय सोडून बसलेले. इंजिनिअर मोजत होते, कुणाला किती जळवा लागल्या. ज्याला जास्त तो फुशारकी मारत होता. दुपारी ही माणसं चालत येताना पाहून आक्का धावत सामोऱ्या गेल्या होत्या आणि त्यांनी काळजीनं विचारलं होतं, "काय वो, गाडी चुकली व्हय?" पुढं कितीतरी वर्षं बेळगावच्या त्या कारखान्यात कुणी उशिरा आलं की हेच विचारायचे, असं ऐकलंय.

दोन आठवड्यांनी कागद आला. वस्तीची गाडी चालू राहील. लोडचं पुढं बघू. मास्तरांनी तो कागद देवळात वाचला आणि मग एवढ्या जोरात शिंकले की समई विझली.

आता पुढचं काय सांगू? ज्यांना वाटतं की आमच्या सीमेवरच्या मुलखात नुसती भांडणंच पिकतात, त्यांनी तिथं जाऊन बघावं. आधी बेळगावचे आले, मग हुबळीचे, पुण्याचे, गोव्याचेसुद्धा. समुद्र सोडून जळवांकडं. निवांत झोपा म्हटलं तरी पाहुणेच हट्ट धरतात की आम्हाला पाचला हाक मारा. आप्पांची सून शिकलेली. तिनं मोबाईलवर नावनोंदणी सुरू केली. त्यात एक प्रश्न आहे, 'आपण कोणत्या गाडीने येणार?' खाली उत्तर एकच, 'वस्तीची.' दुसरं उत्तर दाबायची सोयच नाही. तीच पोरगी आता वाडीचा तांबडा भात आणि आमसुलं बेळगावला पाठवते, आमच्याच गाडीच्या टपावरून. एकदा एक भलीमोठी मोटार थेट आक्कांच्या दारात आली. आतल्या माणसानं दुप्पट देतो म्हटलं. आक्कांनी त्याला तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणाल्या, "मोटार जांबोटीत लावा, सांजच्या गाडीनं या. भाजी ठिवती." तो खरंच गेला आणि खरंच आला. आता कळलं ना, मी वाडीचं नाव का सांगत नाही? सांगितलं तर तुम्ही मोटारी काढाल. बेळगावच्या स्टँडवर संध्याकाळी विचारा. कुणीही गाडी दाखवेल.

मास्तर निवृत्त झाले तरी शनिवार सोडला नाही. तिकीट काढून बसायचे आणि नव्या कंडक्टरला सावलीची शिफारस शिकवायचे. पावसाळ्यात एकदा निपाणीला घरी गेले, ते परत आले नाहीत. साधा ताप, असं म्हणाले होते. तेराव्याला अख्खी वाडी निपाणीला गेली. पहाटेची गाडी, बेळगावला बदलून दुसरी गाडी. एकानंही मोटार केली नाही. आक्कांनी भाजी डब्यातून नेली होती. त्यांच्या घरच्यांना म्हणाल्या, "ह्या भाजीपायी तुमच्यापासून लांब ऱ्हायले. एकदा चाखून तरी बगा." सगळी रडता रडता जेवली. मीही.

गेल्या हिवाळ्यात मीही निवृत्त झालो. आणि पहिल्यांदा पाहुणा म्हणून वाडीला गेलो, रीतसर नाव नोंदवून. आप्पांच्या सुनेनं मलाही तोच प्रश्न विचारला. पहाटे पितळी वाजली. "पाव्हणं, पाच वाजलं!" मी उठून बसलो आणि घटकाभर कळेचना, कपडे कुठले घालायचे.

गाडीत डावीकडच्या खिडकीशी बसलो. कंडक्टर नवा, विजापूरकडचा, मराठी मोडकं-तोडकं. मास्तरांना त्यानं कधी पाहिलेलं नाही. वळण जवळ आलं तशी मी खिडकीची काच सरकवली. त्यानं शिट्टी तोंडाला लावली आणि तीन वेळा फुंकली.

जन्मात पहिल्यांदा मी डावीकडं बघितलं.

उंबराचं झाड होतं. धनेशही होते, दोन. पण झाडाच्या फांद्यांमधून पलीकडं, दरीच्या त्या अंगाला, झुंजूमुंजू उजेडात सबंध वाडी दिसत होती. रस्त्यावर दुसरीकडून कुठूनच ती अशी दिसत नाही. आणि वाडीतल्या प्रत्येक घरामागून धुराची एक सरळ रेघ वर निघाली होती. आंघोळीच्या पाण्याचा धूर. जिथं चूल पेटली तिथं धूर, जिथं कुलूप तिथं काही नाही.

सोळा, चौदा, तेरा, बारा. अकरा वर्षं तो माणूस रोज पहाटे आपलं गाव शिल्लक आहे का ते मोजत होता, आणि मी बशीत चहा ओतत होतो. साहेबांना त्यानं काय दाखवलं, ते मला त्या क्षणी कळलं. डोळे पुसले आणि वळण संपायच्या आत घाईघाईनं मोजायला लागलो. एकवीस! मोजताना ओठ हलत असावेत, कारण शेजारची बाई माझ्याकडं बघायला लागली. अभिमानानं माझा ऊर असा भरून आला की मास्तरांच्या नावानं तिथंच शिट्टी मारावीशी वाटली.

जांबोटीला चहाला उतरलो. विजापूरचा कंडक्टर माझ्या शेजारी कप घेऊन उभा राहिला. मी जुना माणूस, जरा रुबाबातच म्हणालो, "आज एकवीस."

त्यानं मान हलवली.

"बावीस," तो म्हणाला. "साळेच्या मागं एक घर हाय. काल कुलूप काडलं."